मागचा अडीच फ्लॅट जास्त

पप्पांच्या डायरीत आमच्या जुन्या गाडीबद्दल एक ओळ आहे. ऑगस्ट १९९८, निळ्या शाईत, त्यांच्या त्या किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात: "मागचा अडीच फ्लॅट जास्त. कारण?" बस, एवढंच. प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं आहे. पुढच्या पानावर थेट दिवाळीच्या खर्चाचा हिशेब सुरू होतो, म्हणजे कारण सापडलं की नाही, सापडलं तर काय होतं, काहीच लिहिलेलं नाही.

ती ओळ मी पहिल्यांदा वाचली ते पप्पा जाऊन तीनेक वर्षं झाल्यावर, आणि तेव्हा मला ती धड कळलीसुद्धा नव्हती. यंदा कळली. त्यासाठी जुलैपासून जवळजवळ संक्रांतीपर्यंतचा वेळ गेला, आणि आज ते सगळं लिहून ठेवावंसं वाटतंय कारण नंतर विसरायला होतं, आणि असल्या गाड्या घेऊन बसलेली अजून चार माणसं या भागात असतीलच.

गाडी एमजी टीडी, १९५२ ची. दोन सीटची, बॉनेट मधे बिजागरी असलेलं, दोन्ही बाजूंनी पंखासारखं उघडणारं. १२५० सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आणि त्याला शेजारी शेजारी दोन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे. कागदावर फक्त ५४ हॉर्सपॉवर, आज घरातली साधी हॅचबॅक पण त्याहून जास्त देते. पण ही गाडी हलकी आहे आणि बसल्यावर रस्ता अगदी हाताला लागतोय असं वाटतं. आजोबांनी १९६१ साली कॅम्पातल्या एका बदली झालेल्या मिलिटरी ऑफिसरकडून ती घेतली. गाडी मूळ मुंबईत आलेली, तेव्हा बेळगाव पण मुंबई राज्यातच होतं. राज्य १९५६ ला बदललं, गाडीची बी एम ची पाटी तशीच राहिली. आजोबांनंतर पप्पांनी सांभाळली, आणि पप्पांनंतर टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या शेडमधे आता ती माझी आहे. माझी म्हणताना अजून अवघडल्यासारखं होतं, पण आहे.

तर जुलैमधे काय झालं. सकाळी गाडी चालू व्हायची, चोक घेऊन पहिली दोन मिनिटं ठीक, आणि चोक सोडला की स्लोला, म्हणजे उभ्या जागी इंजिन नुसतं चालू असताना, मिसिंग मारायला लागायची. मधूनच मागच्या कार्बोरेटरमधून फट्, फट्, असा खोकल्यासारखा आवाज. मिक्श्चर लीन असलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की कार्बोरेटर असा उलटा खोकतो हे मला पप्पांमुळे माहीत होतं. पण मग मी एका रविवारी ती जांबोटीवरून कणकुंबीपर्यंत नेली, म्हणजे मलप्रभा उगम पावते तिथपर्यंत, आणि परत आल्यावर प्लग काढून बघितले तर पहिला-दुसरा छान बिस्किटाच्या रंगाचा आणि तिसरा-चौथा काळाकुट्ट, काजळी धरलेला. काजळी म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. तिसऱ्या-चौथ्याला पेट्रोल देतो तो मागचाच कार्बोरेटर. म्हणजे उभी असताना मागचा लीन आणि रस्त्यावर मागचाच रिच? एकाच नीडलचं, म्हणजे सुईचं, आणि एकाच जेटचं, म्हणजे पेट्रोल येतं त्या भोकाचं, हे असं दोन्हीकडे कसं काय, हे डोक्यात शिरेना.

यावर मी जे केलं ते सगळेच करतात आणि तेच चुकीचं आहे, म्हणजे स्क्रू फिरवत बसले. खोकते म्हणून मागचं जेट खाली घेतलं, खोकला थांबला, मग प्लग अजून काळे. प्लग काळे म्हणून परत वर घेतलं, तर ट्रॅफिकमधे, पहिल्या रेल्वे गेटाशी उभी राहिले की बंद पडायची. गेट उघडल्यावर मागून हॉर्न वाजताना ही गाडी परत चालू करायची म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. असं ऑगस्ट गेला, गणपती गेले.

इथे एसयू कसा चालतो ते थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही आणि खरं तर ती चीजच इतकी सुंदर आहे की सांगायला मला कारण लागत नाही. साध्या कार्बोरेटरमधे हवेची वाट ठरलेल्या मापाची असते आणि वेगवेगळ्या स्पीडसाठी वेगवेगळी जेट असतात. एसयूमधे जेट एकच. त्याच्यावर एक पिस्टन असतो, वरच्या घुमटासारख्या डब्यात वर-खाली होणारा, आणि पिस्टनच्या पोटाला एक निमुळती सुई. इंजिनने हवा जास्त ओढली की पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट आपोआप मोठी होते, आणि त्याच्याबरोबर सुई जेटमधून वर येते. सुई खाली बारीक होत गेलेली असल्यामुळे जेटचं भोक तेवढं जास्त मोकळं होतं, पेट्रोल तेवढं जास्त. इंजिन मागेल तेवढंच, ना कमी ना जास्त. पिस्टनच्या डोक्यात थोडं पातळ ऑइल असतं, ते एकदम उचलू देत नाही, म्हणून अॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर मिक्श्चर आपोआप रिच होतं आणि पिकअप मिळतो. इतका सगळा हिशेब एका सुईच्या निमुळतेपणात बसवलाय. आमच्या गाडीला ईएस नावाची सुई लागते, सुईच्या खांद्यावर ती अक्षरं बारीक कोरलेली असतात, पप्पा ती मला भिंगातून दाखवायचे.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, स्किनर बंधूंची कंपनी. त्यांच्या घरचा धंदा इंग्लंडमधे बुटांचा. थोरल्या भावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा कार्बोरेटर काढला तेव्हा पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा छोटा भाता होता, घरात चामडं होतंच. हे वाचलं तेव्हा मला अथणी-निपाणीकडचे आमचे चपला करणारे कारागीर आठवले. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल जगात जाते त्यातली कितीतरी आमच्या बेळगाव जिल्ह्यातच शिवली जाते, २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला त्यात दोन्ही राज्यांचे जिल्हे आहेत. चामडं कुठे ताणतं आणि कुठे सैल पडतं हे ज्या हातांना कळतं त्यांनाच भात्याचं सुचणार. असो, हे जरा बाजूचं झालं.

जेट वर-खाली करायला खालून एक षट्कोनी नट असतो. त्याच्या सहा बाजू, त्यातली एक बाजू फिरवली की एक फ्लॅट. खाली फिरवला की जेट खाली जातं आणि मिक्श्चर रिच, वर फिरवला की लीन. पप्पांच्या त्या ओळीतला फ्लॅट म्हणजे हा. आणि त्या दोन्ही नटांवर एकेक लाल ठिपका आहे. तो ठिपका माझ्या नेलपॉलिशचा आहे. मी तेव्हा कॉलेजला होते, गणपत गल्लीतून आणलेली नवीकोरी बाटली दोन दिवसांत अर्धी झाली म्हणून मी घरभर भांडले होते, आणि पप्पा शेडमधून ओरडले, अगं सेटिंगला खूण केली, ते वार्निशपेक्षा चांगलं टिकतं. टिकलंच. सत्तावीस वर्षं टिकलं. आणि खरं सांगते, जुलै-ऑगस्टमधे मी मागचा नट इकडे-तिकडे फिरवत होते तेव्हा प्रत्येक वेळी शेवटी तो ठिपका होता तिथेच आणून ठेवत होते. तिथून हलवून सोडायला हात होईना.

शेवटी मी मिस्त्रीकाकांना फोन केला. पप्पांबरोबर या गाडीवर चाळीस वर्षं काम केलेले ते, घर वडगावात, घरात कन्नड बोलतात आणि आमच्याशी मराठी, आणि गाडीशी बोलताना दोन्ही. आता वय झालंय, गॅरेज मुलाकडे दिलंय, उजव्या कानाने कमी ऐकू येतं. "येतो की, पण एक तारखेलाच येतो, त्या दिवशी गॅरेज बंद आणि गावात गर्दी, मला कुठं जायचं नाही." एक तारीख म्हणजे १ नोव्हेंबर. इथे राहणाऱ्याला त्या दिवसाचं सांगायला नको. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, रस्त्यावर पोलीस, दुकानं अर्धी बंद. लहानपणापासून तो दिवस आमच्याकडे घरात बसायचा दिवस. तर त्या दिवशी सकाळी मिस्त्रीकाका नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून गल्लीगल्लीतून वाट काढत आले, आईने पोहे केले होते ते खाल्ले, आणि शेडमधे येऊन स्टुलावर बसले.

मी कार्बोरेटरचं सगळं सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "त्याला हात लावायचा नाही अजून. आधी बाकीचं."

हे बाकीचं म्हणजे काय ते लिहिते, कारण मी हेच टाळलं होतं. आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, मग प्लगचं गॅप, मग डेल्कोचं, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढून आतले पॉइंट. पॉइंट जळके होते, घासले, गॅप लावलं, कंडेन्सर बदलला कारण आजकालचे कंडेन्सर नवीन असले तरी भरवशाचे नसतात. टायमिंग बघितलं. मग पेट्रोल: पंपाचा टकटक आवाज नीट येतो का, आणि इंजिन बंद असताना नुसती चावी दिल्यावर तो टकटकून थांबतो का, कारण थांबला नाही तर कुठेतरी पेट्रोल जातंय, बहुतेक फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डब्याची, नीडल बसत नाहीये. दोन्ही फ्लोट चेंबरची झाकणं काढून आतल्या लिव्हरखाली ठरलेल्या जाडीचा ड्रिल बिट सरकवून लेव्हल बघितली. दोन्ही सारखी हवी. एक तसूभर जास्त होती, लिव्हर अगदी किंचित वाकवली. त्यानंतर दोन्ही पिस्टन बोटाने उचलून सोडले. सोडल्यावर खाली धातूवर टक् असा आवाज आला पाहिजे, मऊ ठप्प नाही. ठप्प आला म्हणजे सुई जेटच्या कडेला घासतेय, जेट मधोमध बसवावं लागतं. हे घुमट आणि पिस्टन काढताना पुढचं मागच्याला लावायचं नाही, जोड्या एकमेकांना बसवूनच केलेल्या असतात, हे काकांनी मला आयुष्यात वीसवेळा तरी सांगितलं असेल, त्या दिवशी एकविसावं.

एक गोष्ट मधे सांगते. या जुन्या जेटना खाली कॉर्कच्या सील असतात, आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून धरतं आणि जुनं रबर, जुन्या सील त्याने फुगतात नाहीतर कडक होतात, मी आधीच पाइप आणि सील बदलून घेतले होते. शिवाय इथेनॉलमधे ऑक्सिजन असतो, साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते तिथे इथेनॉलला ९ च पुरते, म्हणजे त्याच सुईतून, त्याच जेटमधून गेलं की मिक्श्चर थोडं लीन पडतं. चिकोडी, अथणी, गोकाकच्या बाजूला ऊसच ऊस, त्यातलाच कुठलातरी ऊस माझ्या कार्बोरेटरमधून जात असणार, हा विचार मला आवडतो, पण गाडीला दोन्ही बाजूला थोडं खाली जेट द्यावं लागतं हे पण खरं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, हवा विरळ, त्यामुळे इथे उलट मिक्श्चर जरासं रिच होतं. एकाने ओढलं आणि एकाने सोडलं असं काहीसं होऊन बसतं, पण ते दोन्ही कार्बोरेटरना सारखंच होतं ना. माझा प्रश्न एकाच कार्बोरेटरचा होता.

हे सगळं होईस्तोवर दुपारचा दीड. गाडी चालू केली. गरम झाली. मागचा परत खोकला.

मग मिस्त्रीकाकांनी ऑइलचा कॅन मागितला. लांब चोचीचा, पितळी, पप्पांचाच. मला वाटलं डॅशपॉटमधे, म्हणजे पिस्टनच्या डोक्यात, ऑइल घालणार. त्यांनी तसं केलं नाही. मागच्या कार्बोरेटरच्या पोटातून जो स्पिंडल, म्हणजे बारीक दांडा, आरपार जातो, ज्याच्यावर थ्रॉटलची, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणारी, चकती बसलेली असते, त्याच्या बाहेर आलेल्या टोकाशी, जिथे तो बॉडीत शिरतो त्या फटीवर, चार थेंब दाट ऑइल सोडलं. आणि म्हणाले, "केळ." म्हणजे ऐक.

खोकला थांबला. इंजिन एकदम गुळगुळीत झालं, चारी सिलिंडर एका लयीत, असं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. आठ-दहा सेकंद. मग ऑइल आत ओढलं गेलं, सायलेन्सरमधून निळसर धूर आला, आणि परत फट्, फट्.

"एअर घेतंय," काका म्हणाले. "बुश खलास. किती वर्षांचं हाय ते." बुश म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो ती भोकातली नळकांडी.

मी बोटाने स्पिंडल वर-खाली हलवून बघितला. हलत होता. किती सोपं. मी इतके दिवस तिथे बघितलंच नव्हतं. काही लोक असली गळती शोधायला कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात, पण या इंजिनला कार्बोरेटरच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो, तिथे स्प्रे मारणं म्हणजे आग लावून घेणं आहे, कृपा करून कोणी करू नका. ऑइलचे चार थेंब पुरतात.

आणि मग एकदम सगळं जागेवर बसलं, त्या क्षणी, हातात तो ऑइलचा कॅन असताना. झिजलेल्या बुशमधून आत शिरणारी हवा तेवढीच असते, तिचं माप फारसं बदलत नाही. गाडी स्लोला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद, इंजिन हवाच मुळात थोडी घेतंय, तिथे ही चोरटी हवा खूप मोठी ठरते, म्हणून लीन, म्हणून खोकला. घाटात थ्रॉटल उघडा, हवेचा लोंढा येतोय, तिथे ही एवढीशी हवा कुणाच्या खिजगणतीत नाही. पण जेटचा नट एकदा खाली केला की तो सगळ्याच स्पीडला खाली. म्हणजे स्लोचा खोकला थांबवायला मागचा अडीच फ्लॅट खाली केला तर स्लो बरोबर होतं आणि रस्त्यावर तोच कार्बोरेटर अडीच फ्लॅट रिच चालतो. तिसरा-चौथा काळा. उभी असताना लीन आणि चालताना रिच, दोन्ही खरं.

पप्पांनी हेच केलं होतं. १९९८ मधे बुश थोडाच झिजला असणार, अडीच फ्लॅटमधे भागत होतं. त्यांच्या कानाला कळलं होतं की मागच्याला जास्त लागतंय, आणि का लागतंय ते कळत नाहीये हे पण त्यांना कळलं होतं. म्हणून ते प्रश्नचिन्ह. मी मनातल्या मनात किती दिवस त्यांना म्हणत होते की पप्पा, तुम्ही मागचा चुकीचा लावून ठेवलाय. चुकीचा नव्हता. त्या दिवशीच्या गाडीला तो बरोबर होता.

पुढचं काम उद्यमबागमधे. या बाबतीत बेळगावात राहणं म्हणजे नशीब आहे असं मी मनापासून मानते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मधे इथे सायकलचं दुकान टाकलं, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० मधे ते कुंडलला गेले, पण लोखंडाची खोड या गावाला लागली ती लागलीच. उद्यमबागमधे गल्लीगल्लीत फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिकचे पार्ट. तिथे एक टर्नर आहे, वय तिशीचं, स्वतःचं छोटं शेड, मला अक्का म्हणतो. त्याने स्पिंडल मायक्रोमीटरने मोजला, मधे आणि टोकाशी, तर टोकाला कितीतरी थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, झिजलेला. "अक्का, स्पिंडल पण नवा लागणार, नुसता बुश घालून काय उपयोग." आम्ही दोन्ही कार्बोरेटरचं केलं, पुढचं पण, कारण एक नवा आणि एक जुना ठेवून बॅलन्स करायला बसणं म्हणजे परत तेच.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. बॉडी अॅल्युमिनियमची, दोन्ही बाजूची भोकं एका रेषेत मोठी करायची, त्यात ब्रॉन्झचे बुश ठोकायचे आणि मग एकाच रीमरने, म्हणजे भोक अचूक मापाचं करणाऱ्या हत्याराने, आरपार रीम करायचं. भोकं जराशी तिरकी झाली तर स्पिंडल अडकतो आणि चकती बंद होताना घासते. ती चकती काढताना कुठली बाजू वर होती त्याची खूण करून ठेवायची, तिच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, उलटी बसवली तर कधीच पूर्ण बंद होत नाही. चकतीचे दोन बारीक स्क्रू मागून फाकवलेले असतात ते सुटू नयेत म्हणून, बसवल्यावर परत फाकवायचे, कारण सुटलेला स्क्रू सरळ इंजिनमधेच जातो. त्या पोराने दोन दिवस घेतले. घाई केली नाही, मी पण केली नाही. पैसे सांगितले तेवढेच दिले आणि वर कुंदा नेऊन दिला.

मग बॅलन्सिंग. मिस्त्रीकाका परत आले, डिसेंबरच्या शेवटी, थंडी होती, मफलर गुंडाळून. दोन कार्बोरेटर जोडणारा रॉड असतो त्याचे क्लॅम्प सैल केले, म्हणजे दोघं सुटे, एकाचं दुसऱ्याला काही माहीत नाही. जेट जोडणारी पट्टी पण सोडवली. दोन्ही नट पूर्ण वर, मग दोन्ही सारखेच खाली, बारा बारा फ्लॅट, तिथून सुरुवात. लाल ठिपके दोन्हीकडे भलत्याच जागी गेले. मी काही बोलले नाही, काका पण नाही.

आधी हवा, मग पेट्रोल. हा क्रम चुकला की माणूस दिवसभर गोल फिरतो. शेडमधे खिळ्याला अडकवलेली हातभर रबरी नळी आहे, गॅसच्या शेगडीची. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, दर वेळी त्याच जागी, त्याच अंतरावर. आत जाणाऱ्या हवेचा सूंऽऽ असा आवाज येतो. पुढचा ऐकायचा, मागचा ऐकायचा, ज्याचा आवाज मोठा त्याचा स्क्रू थोडा मागे, परत पुढचा, परत मागचा. हवा मोजायचं मीटर मिळतं आता, माझ्याकडेही आहे, आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही, काटा खोटं बोलत नाही. पण त्या दिवशी काकांनी नळी माझ्याकडे दिली. त्यांचा उजवा कान गेलाय आणि डाव्याने त्यांना बारीक आवाज नीट येत नाहीत. "तू ऐक, मी फिरवतो. काय ऐकू येतंय ते सांग." मी सांगत गेले, पुढचा थोडा चढा, आता मागचा, अजून थोडं, आणि ते माझ्याकडे न बघता स्क्रू ड्रायव्हर अगदी केसाएवढा फिरवत होते. इन्नू स्वल्प, म्हणजे अजून थोडं, हे ते स्वतःशीच म्हणत होते. एका क्षणी नळी इकडे लावली काय आणि तिकडे लावली काय, मला फरकच कळेना.

"साकु," ते म्हणाले. पुरे.

मग मिक्श्चर. पिस्टन पातळ पात्याने अगदी थोडा उचलायचा, इंचाचा बत्तिसावा भाग, जास्त नाही. इंजिनचा स्पीड वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच, उचलल्याबरोबर मरायला लागलं तर लीन, क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. पुढच्याला एक फ्लॅट खाली लागला, मागच्यालाही एक. दोन्ही सारखे. पप्पांच्या वेळी मागच्याला अडीच फ्लॅट जास्त, आता शून्य. मिक्श्चर हललं की हवा थोडी हलते म्हणून परत नळी, परत पिस्टन, तीन फेऱ्या झाल्या. शेवटी रॉडचे क्लॅम्प घट्ट करताना दोन्ही स्पिंडल एकाच वेळी उचलायला लागतात का ते बघितलं. इथे एक जरी दुसऱ्याच्या आधी उघडला तर सगळी मेहनत स्लोपुरतीच राहते, अॅक्सिलरेटर दाबताच परत दोघांत फरक.

जानेवारीत कणकुंबीला नेली. घाटात चढताना तिसऱ्या गिअरमधे ज्या ठिकाणी ती नेहमी जड व्हायची, तिथून ती सरळ ओढत गेली. परत येऊन प्लग काढले. चारी एकाच रंगाचे. मी ते ओळीने ओट्यावर मांडून ठेवले आणि कितीतरी वेळ बघत बसले.

खरं तर मला त्याच्या आधीचं सांगायचं होतं. ज्या दिवशी बॅलन्सिंग संपलं त्या दिवशी काका निघून गेल्यावर मी गाडी शेडमधे चालू ठेवली होती, बॉनेट उघडं, नुसती ऐकत होते. आई मागच्या दारात आली. हात पिठाचे. तिने थोडा वेळ ऐकलं.

"ही अशी कुठे वाजायची," ती म्हणाली. "तुझे पप्पा आले की कोपऱ्यावरून कळायचं मला. मधेमधे अडखळल्यासारखं करायची ना. मी त्यावरूनच चहा टाकायचे."

मी म्हटलं, आई, ते बिघडलेलं होतं गं. ती हवा घेत होती. आई म्हणाली, असेल. आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. ती म्हणाली, राहू दे की चालू, जरा ऐकते. मी परत चालू केलं.